मागचे चाक

व्यापारी घरातील तरुण स्वस्त वस्तूला भीत नाही. तो तिचा हिशेब मांडतो. हीरोची एक्सपल्स २०० घेऊन सह्याद्रीच्या कच्च्या वाटा धुंडाळणाऱ्या अशाच एका तरुणाने मागच्या चाकासाठी निम्म्या किमतीचा टायर निवडला. माप मात्र मूळचेच, १२०/८०-१८.

इंजिनाचे बळ मागच्या चाकातूनच जमिनीवर उतरते, म्हणून तो टायर आधी झिजतो. नवा टायर जुन्याच्या निम्म्याहून अधिक अंतर चालला, तर व्यवहार नफ्याचा. टायरच्या कडेवरील चार अंकही त्याने वाचून घेतले: पहिले दोन निर्मितीच्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर म्हणजे बुडीत कर्जच. वरून खाते चालू दिसते.

मुरमाच्या चढावर नक्षीच्या उंच ठोकळ्यांनी जमीन घट्ट धरली. घाटातील ओल्या डांबरावर मात्र मागचा ब्रेक दाबताच चाक सरकले. ठोकळे विरळ, त्यामुळे रस्त्याला टेकणारे रबरच कमी. हा खर्च त्याच्या हिशेबात कुठेच धरलेला नव्हता.

“मागे आई बसली असती तर?” वडिलांनी एवढेच विचारले.

टायर त्याने बदलला नाही. घाटातला वेग उतरवला, आणि आईला न्यायचे असेल त्या दिवशी घरची मोटार बाहेर काढू लागला.