ओटा केवढा, ते आधी बघा

मैत्रिणींनो, साडी घेताना आपण पदर उलटून पाहतो, गहू घेताना मूठभर हातावर घेऊन दाणा निरखतो. चाकणच्या बाजारात कांद्याची पिशवी घेतानासुद्धा वरचे चार कांदे बाजूला सारून खालचे कसे आहेत ते बघतो. आणि अठरा हजारांचा लॅपटॉप मात्र मी रंग बघून घेतला! ही माझी फजिती मुद्दाम सांगते आहे, म्हणजे तुमचे तरी पैसे वाचतील.

आम्ही भोसरीला राहतो. हे चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहेत. दर आठवड्याला पाळी बदलते, त्यामुळे घरातली खरेदी बहुतेक माझ्याच गळ्यात. थोरली आठवीत गेली आणि शाळेत कॉम्प्युटरच्या तासाला पायथन सुरू झालं. आपल्या वेळी असलं काही नव्हतं, पण २०२०च्या शैक्षणिक धोरणानंतर कोडिंग शाळेत येऊन बसलं आहे. मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यावर ते काही जमेना. तेवढ्यात माझी भिशी लागली. पाटल्या मोडून नव्या करायच्या मनात होतं, ते बाजूला ठेवलं. सेल चालू होता. पातळ, हलका, गुलाबीसर लॅपटॉप पाहिला आणि भुलले.

पहिले तीन-चार महिने बरे गेले. मग तो सुरू व्हायलाच दहा मिनिटं लागू लागली. लेक पुढ्यात घेऊन नुसती बसलेली दिसे. मला वाटे, हिचं लक्ष नाही. गृहपाठ वेळेवर जाईना, शाळेतून निरोप आला. एका संध्याकाळी मी कणीक मळता मळता तोंडाला येईल ते बोलले. ‘‘आळशी आहेस नुसती! तुला नाही जमायचं हे.’’

बघा हं, हीच मी तिला लहानपणापासून सुधा मूर्तींची गोष्ट सांगत आले. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत ‘स्त्रियांनी अर्ज करू नये’ असं वाचून त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि पुढे त्या पुण्याच्या टेल्कोत इंजिनिअर म्हणून रुजू झाल्या. ती गोष्ट सांगणारी आई लेकीला म्हणते, तुला जमायचं नाही! पोर काही बोलली नाही. त्यानंतर तिने लॅपटॉपची तक्रार करणंच सोडून दिलं.

ह्यांनी मात्र दोन दिवसांनी सहज विचारलं, ‘‘अगं, ते यंत्र तपासलंस का? आमच्याकडे जॉब बिघडला तर आधी टूल बघतात. टूल झिजलेलं असेल तर ऑपरेटरला ओरडून काय होणार?’’

मी ओशाळले. वरच्या मजल्यावरच्या वहिनी हिंजवडीला नोकरीला जातात, त्यांना बोलावलं. त्यांनी दोन मिनिटांत दुखणं सांगितलं, आणि तेही आपल्या भाषेत. रॅम म्हणजे ओटा, आणि साठवण म्हणजे फडताळ. ओटा लहान असला की भाजी चिरायला कणकेचं ताट खाली ठेवावं लागतं. एकेक वस्तू उचलण्यातच वेळ जातो. आमचा ओटा ४ जीबीचा. फडताळ ६४ जीबीचं, तेही संथ जातीचं. त्यातली बरीचशी जागा विंडोजनेच अडवलेली. आणि दोन्ही आत सोल्डर करून टाकलेली, म्हणजे वाढवायची सोयच नाही!

मग वहिनींबरोबर बसून यादी केली. ती तुम्हीही उतरवून घ्या.

रॅम ८ जीबी हवी, आणि पुढे वाढवता येईल का हे विचारावं. साठवण ‘एसएसडी’ जातीची, निदान २५६ जीबी. विंडोज १०ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ला बंद झाली, म्हणून विंडोज ११ रीतसर चालेल असंच यंत्र घ्यावं. इंटेलचं असेल तर आठव्या पिढीचं किंवा त्यापुढचं. ‘आय-५’च्या पुढे ८२५०सारखा आकडा असतो, त्यातला पहिला ८ म्हणजे आठवी पिढी. दुकानदार नुसतं ‘आय-५ आहे’ म्हणाला तर भुलू नका. आय-५ जुन्यातलं जुनंही असतं.

शाळेच्या कोडिंगला खेळांचं महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, बोटाने चालणारा पडदाही लागत नाही. लहानांचं स्क्रॅच आणि मोठ्यांचं पायथन, दोन्ही फुकट मिळतात आणि साध्या यंत्रावर चालतात.

नवा बजेटबाहेर गेला तर कंपन्यांनी वापरून काढलेले, दुरुस्त केलेले लॅपटॉप मिळतात. आम्ही तसाच घेतला. जाडजूड, काळा, रूप म्हणाल तर नाहीच! पण दुकानात तासभर ठिय्या दिला. लेकीने प्रत्येक अक्षर दाबून पाहिलं. झाकण चार वेळा उघडमीट करून बिजागरी बघितली. चार्जर काढून अर्धा तास चालवला, कारण आपल्याकडे वीज कधी जाईल नेम नाही. कॅमेरा, आवाज तपासला. जीएसटीचं पक्कं बिल आणि वॉरंटी लिहून घेतली. तोंडी वॉरंटीला काही अर्थ नसतो, बायांनो.

जुना लॅपटॉप धाकट्याच्या स्क्रॅचसाठी ठेवला आहे. एका वेळी एकच काम दिलं तर बिचारा करतो.

नवा घरी आला त्या रात्री मी लेकीला म्हटलं, ‘‘चुकलं गं माझं त्या दिवशी.’’ ती काही बोलली नाही. पोळपाट पुढे ओढून पोळ्या लाटायला बसली. पंधरा दिवसांनी मला हाक मारून पडदा दाखवला. आमच्या भिशीतल्या बाराजणींची नावं तिने पायथनमध्ये घातली होती. कुणाचे पैसे आले, कुणाचे राहिले, पुढची पाळी कुणाची, सगळं विचारलं की सांगतं! माझी वही आता निम्मी रिकामीच राहते.

पाटल्या अजून व्हायच्या आहेत. होतील सावकाश. पण तुमच्या घरात एखादं मूल कामात मागे पडत असेल, तर बोल लावण्याआधी एकदा त्याच्या पुढ्यातलं यंत्र उघडून बघा. ओटा केवढा आहे, ते बघा.