पट्टीखालचा अभिप्राय

मंचरच्या बाजारातली कांद्याची एक जुनी पट्टी हिशेबाच्या वहीत चिकटवलेली आहे. वर हमाली, तोलाई वजा जाऊन उरलेली रक्कम. खाली निळ्या शाईत ‘ययाती’ असं लिहून पुढे अभिप्राय: ‘बोलतात तिघं. ययाती, देवयानी, शर्मिष्ठा. ज्यानं तारुण्य काढून दिलं तो पुरू बोलत नाही. त्यालाही चार पानं द्यायला हवी होती.’

1959 सालची ही कादंबरी. पुढे खांडेकरांना ज्ञानपीठ मिळालं, तिच्यावर लेख आणि प्रबंध पुष्कळ झाले. त्यातलं बरंच मी वाचलं आहे. पण देणाऱ्या मुलाच्या बाजूनं इतका सरळ प्रश्न विचारलेला मला कुठं भेटला नव्हता. तो महाळुंगे पडवळच्या एका शेतकऱ्यानं विचारला. ते माझे मामा.

मामांचं वाचन विजेच्या वेळापत्रकावर चाले. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळी आली की मामा मोटारीच्या खोलीत पुस्तक घेऊन बसत. एक वाफा भरेपर्यंत दोन-तीन पानं होत, मग उठून दारं मोडायची, पुढच्या वाफ्यात पाणी सोडायचं, परत येऊन ओळ शोधायची. उसात बिबट्यांचा वावर वाढल्यावर खोलीचं दार आतून लावून वाचायला लागले. बाहेर पडताना बॅटरी आणि काठी. या वाचनाला आपोआप एक शिस्त आली होती. जे पुस्तक वाफ्याच्या फेऱ्यांत तुटत नाही ते चांगलं, असं त्यांचं मत. मला ते पटतं. एका बैठकीत संपणाऱ्या पुस्तकांपेक्षा, सोडून उठल्यावरही सोबत येणारी पुस्तकं मला जास्त आवडतात.

पुस्तकं येत ती मंचरच्या वाचनालयातून, बाजारच्या दिवशी, बारदानाच्या गठ्ठ्यावर बसून. वहीत का लिहिता, असं मी लहानपणी विचारलं होतं. ‘पुस्तक परत द्यावं लागतं,’ ते म्हणाले, ‘मग आपल्यापाशी काय राहणार?’

‘बनगरवाडी’खाली लिहिलं आहे: ‘मेंढरांचं सगळं खरं. माडगूळकरांनी वाड्यावर रात्र काढलेली दिसते.’ दर उन्हाळ्यात धनगरांची मेंढरं खतासाठी मामांच्या रानात बसायची, तेव्हा हा शेरा पारखून दिलेला होता. ‘बारोमास’मधल्या एकनाथविषयी: ‘शिकलेला आहे, म्हणून तोटा त्याला आधीच दिसतो.’ त्याच पानावर गोल्टीचा दहा किलोचा भाव आहे आणि बराखीत सडलेल्या मालाचा अंदाज आहे. ‘गोतावळा’खाली मात्र कादंबरीविषयी एक अक्षर नाही. आनंद यादवांच्या त्या पुस्तकात ट्रॅक्टर येतो आणि जनावरं जातात. मामांनी फक्त आपल्या दोन्ही बैलांची नावं लिहिली आहेत आणि विकल्याचा महिना. समीक्षा याहून खोल जाऊ शकते, असं मला वाटत नाही.

मामांचं गाव हुतात्मा बाबू गेनूंचं. 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत काळबादेवीला विदेशी कापडाच्या ट्रकपुढे ते आडवे झाले, तेव्हा वय अवघं बावीस. त्यांच्यावरची पुस्तिका वाचून मामांनी नोंदवलं: ‘ट्रकपाशी फार लवकर पोचतात. त्याच्या आधीचं पोर कुठं आहे? गुरं कुणाच्या माळावर चारत होतं?’ असं विचारणं हा गावकऱ्याचा हक्क आहे. चरित्रकारांनी हे ऐकायला हवं.

जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांच्या नागनिकेचा लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञ झाले, दक्षिणेत किती गायी दिल्या, किती घोडे, किती कार्षापण, सगळे आकडे कातळात कोरलेले. या मुलखात लिहिण्याची सुरुवातच हिशेबानं झालेली दिसते. त्या आकड्यांच्या मधल्या जागेत राणीनं स्वतःचा एखादा अभिप्राय कोरून ठेवला असता, तर मी तो घाट पुन्हा पुन्हा चढलो असतो.

सतीश काळसेकर बँकेत नोकरी करत, कविता लिहीत आणि अखंड वाचत. त्यांच्या ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ला 2013 साली साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा मला घरातल्या कुणाचा सत्कार झाल्यासारखा आनंद झाला होता. कथा-कादंबरीच्या रांगेत वाचनाच्या नोंदींना मान मिळाला. गोविंद तळवलकरांचं ‘वाचता वाचता’ही मी असंच जवळ ठेवतो. मोठ्या व्यासंगी माणसांची ही पुस्तकं. पण ती वाचताना मला सारखं वाटतं, की मराठीत अशा वह्या घरोघरी असणार; किराणा दुकानात, एसटीच्या डेपोत, शाळेच्या कपाटात. 1967 च्या ग्रंथालय कायद्यानंतर अनुदानाच्या बळावर गावोगावी वाचनालयं चालली, त्यांतून पुस्तकं घरी गेली आणि परतही आली. घरी असताना त्यांचं काय झालं, याची नोंद देवघेवीच्या रजिस्टरात नसते.

म्हणून एक विनंती आहे. पुस्तक परत करण्याआधी वहीत तीन ओळी लिहा. कथानक लिहू नका, ते पुस्तकात आहेच. तुम्हाला जे काम येतं, जो मुलूख ठाऊक आहे, त्यावर पुस्तक घासून बघा आणि खरं उतरलं की नाही ते लिहा. लेखक कितीही मोठा असला, तरी पटलं नाही तर पटलं नाही म्हणा. आणि घरात कुणाची अशी वही असेल, तर ती रद्दीत देऊ नका.