नव्वद दिवसांचे पाहुणे

मार्च-एप्रिल उजाडला की आपल्या मंडळातल्या निम्म्या घरांत एकच धांदल सुरू होते. आई-बाबा येणार! तिकडे गच्चीवर कुरडया वाळत असतात, गोडा मसाला कुटून येतो, आणि इकडे आपण जास्तीची गादी कोणत्या खोलीत टाकायची याचा खल करत असतो. रोज रात्री फोनवर सामानाची यादी होते, वजनकाट्यावर बॅगा चढतात-उतरतात. पण विमानातून उतरल्यापासून ते आपण फुलं घेऊन उभे असतो त्या काचेच्या दरवाजापर्यंत जो तासाभराचा वेळ जातो, त्याबद्दल मात्र कोणी फारसं बोलत नाही. आणि नेमक्या त्याच वेळात आपण त्यांच्याजवळ नसतो.

मी स्वतः आखेनला मास्टर्स करायला आलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. पासपोर्टाच्या खिडकीपाशी अधिकाऱ्याने चार प्रश्न विचारले, त्याचं मला काही वाटलं नाही. विद्यार्थ्याला प्रश्नांची सवयच असते. सत्तरीच्या माणसाची गोष्ट निराळी.

माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, हायस्कूलचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. उभ्या आयुष्यात प्रश्न त्यांनी विचारायचे आणि उत्तरं समोरच्याने द्यायची. ते आणि आई पहिल्यांदा इकडे आले तेव्हा खिडकीतल्या तरुण अधिकाऱ्याने नेहमीचेच प्रश्न विचारले. कशासाठी आलात? किती दिवस? राहणार कुठे? खर्च कोण करणार? परतीचं तिकीट दाखवा. कागदपत्रं सगळी हातातल्या पिशवीत क्रमवार लावलेली होती, पाच मिनिटांत काम झालं. पण घरी येईपर्यंत गाडीत अण्णा गप्प. रात्री जेवताना एकदम म्हणाले, "अरे, पोटच्या मुलाकडे यायचं तर खर्च कोण करणार हे परक्यानं विचारायचं? आम्ही काय हात पसरायला आलोय?" आई म्हणाली, "अहो, तो सगळ्यांनाच विचारत होता." पण ते मनाला लागलं ते लागलंच. पुढची दोन वर्षं "आता तुम्हीच या" एवढंच उत्तर मिळालं.

एका दिवाळीत पुण्याला गेलो असताना मी अण्णांना सगळा प्रकार वहीवर मांडून दाखवला. व्हिसा म्हणजे दारापर्यंत येण्याची परवानगी. दार उघडायचं की नाही हे सीमेवरच्या अधिकाऱ्याने ठरवायचं, असा शेंगेन देशांचा कायदाच आहे. पासपोर्ट-व्हिसा वैध आहे का, येण्याचं कारण काय, राहण्या-खाण्याची आणि परतीची सोय आहे का, एवढं त्याने बघायचं असतं. तो संशय नव्हे, तपासायची यादी आहे. अण्णा चष्मा काढून म्हणाले, "म्हणजे ही तोंडी परीक्षा आहे. मग आधी अभ्यासक्रम सांगायचा की!" पुढच्या मे महिन्यात ते आले ते हसतच बाहेर पडले. "किती दिवस म्हणून त्यानं विचारलं. मी म्हटलं, एटी-एट. तिकिटाची तारीखही सांगितली. थँक यू म्हणाला."

तर वाचकहो, तो अभ्यासक्रम थोडक्यात असा.

पहिली गोष्ट म्हणजे, इमिग्रेशन कुठे होणार ते आधी सांगा. शेंगेनच्या हद्दीतल्या पहिल्या विमानतळावर पासपोर्ट बघतात. मुंबईहून थेट फ्रँकफर्टला आले तर फ्रँकफर्टला. पण अ‍ॅमस्टरडॅम किंवा पॅरिसमार्गे येणार असतील तर प्रश्न तिथेच विचारले जातात, आणि तिथे दाराबाहेर मुलगा उभा नसतो. जर्मनीत हे काम बुंडेसपोलिझाय, म्हणजे केंद्रीय पोलीस करतात. त्यांचा गणवेश बघून आपली माणसं दचकतात. "पोलीस होता रे" असं आई फोनवर दबक्या आवाजात सांगते! तेव्हा हेही आधी सांगितलेलं बरं.

दुसरं म्हणजे, पासपोर्टाची खिडकी आधी येते आणि सामानाचा पट्टा नंतर. कागद मोठ्या बॅगेत ठेवले तर वेळेला उपयोग शून्य. परतीचं तिकीट, किमान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्य विमा, आपलं निमंत्रणपत्र, आपला पत्ता आणि फोन नंबर हे सगळं एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, हातातल्या पिशवीत हवं. भारतातलं सिमकार्ड इथे चालेलच असं नाही, म्हणून नंबर कागदावर लिहिलेला असावा. परदेशी नागरिकांच्या कचेरीतून आपण जे हमीपत्र करून घेतो, म्हणजे फरफ्लिख्टुंग्सएर्क्लेरुंग (हा शब्द न अडखळता म्हणता आला की जर्मनीत रुळलो समजावं), तेही त्यात ठेवा. खर्च कोण करणार, या प्रश्नाचं तेच उत्तर आहे.

तिसरं, उत्तर छोटं आणि खरं द्यायचं. आपल्याकडे कोणी विचारपूस केली की आपण कुळकथा सांगतो. सुनेचे दिवस भरत आलेत, म्हणून आलो, पण मग धाकटीकडे पण जायचं, जमलं तर स्वित्झर्लंड... ऐकणाऱ्याला हेतू कोणता तेच कळत नाही. "मुलाकडे आलो, अमुक तारखेला परत जाणार", एवढं पुरे. अधिकाऱ्यांना इंग्रजी येतं. पण आई-बाबांना इंग्रजीचाही संकोच असेल तर एक चिठ्ठी करून द्या, वर मराठी आणि खाली जर्मन. आमच्या आईने तर एक वाक्य पाठच केलंय, "इश बेझूखं माइनन झोन", मी माझ्या मुलाला भेटायला आले आहे. मुलगी असेल तर "माइनं टोख्टर". आईने हे म्हटलं की अधिकारी हसतो, आणि तो हसला की आईची निम्मी भीती तिथेच जाते.

आता दिवसांचं गणित. इंजिनिअर असल्यामुळे मला यात विशेष रस! कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, हा नियम आपल्याला माहीत असतो. पण "तीन महिने" आणि "नव्वद दिवस" एक नव्हेत, हे तिकीट काढताना विसरायला होतं. १ मेला आले आणि ३१ जुलैला निघाले तर ते ९२ दिवस होतात, कारण यायचा आणि जायचा दोन्ही दिवस मोजतात. १ मेला आलेल्याने २९ जुलैच्या आत निघायलाच हवं. असे पूर्ण ९० दिवस राहून गेलेल्यांना पुन्हा नव्वद दिवस राहायचं तर २८ ऑक्टोबरच्या आधी येऊन चालत नाही, आणि त्यासाठी व्हिसाही तोवर वैध व एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा हवा. शिवाय व्हिसावर मुक्कामाच्या दिवसांचा वेगळा रकाना असतो. तिथे ६० लिहिलं असेल तर साठच, मग व्हिसाची मुदत कितीही लांब असो.

पूर्वी अधिकारी पासपोर्टावरचे शिक्के बघून बोटं मोजायचा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने नवी संगणकीय पद्धत लागू झाली. तीत शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो घेतात आणि येण्या-जाण्याची नोंद संगणकात होते. व्हिसाच्या वेळी दिलेले बोटांचे ठसे सीमेवर ताडून पाहता येतात. तेव्हा फोटो काढला म्हणून घाबरू नका, असं आईला सांगून ठेवा. आणि एक दिवस जास्त राहिलं तर कोणाच्या लक्षात येतंय, हा भ्रमही सोडा. जास्तीच्या दिवसांपायी दंड होऊ शकतो, पुढचा व्हिसा अडू शकतो.

सामान हातात आलं की उरतं कस्टम्स, म्हणजे इथलं त्सोल. बाहेर पडताना दोन वाटा असतात, हिरवी आणि लाल. हिरव्या वाटेने चालू लागणं म्हणजेच "माझ्याकडे जाहीर करण्यासारखं काही नाही" असं सांगणं. तोंडाने काही बोललो नाही, ही सबब चालत नाही. शंका असेल तर लाल वाटेने जाऊन विचारावं. विचारल्याबद्दल दंड होत नाही.

खरी पंचाईत असते ती खाऊची. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाने मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. जनावरांचे साथीचे रोग पसरू नयेत म्हणून हा नियम. म्हणजे घरचं कढवलेलं तूप, खवा, पनीर यातलं काहीच नको, आणि खव्याचे पेढेही तिकडेच वाटून टाकलेले बरे. १४ डिसेंबर २०१९ पासून ताजी फळं, भाज्या, पानं यांनाही रोगमुक्ततेचा सरकारी दाखला लागतो. त्याला सूट फक्त पाच फळांना: अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. थोडक्यात, ओटीचा नारळ चालतो, हापूसची पेटी नाही! कढीपत्ता, तुळशीचं रोप, कुंडीतली माती हेही नको. आंब्यावर एवढी करडी नजर का, तर फळमाशी. तिच्यापायी १ मे २०१४ पासून भारतातल्या आंब्याची आयातच युरोपने थांबवली होती, ती २०१५ साली पुन्हा सुरू झाली.

माझ्या ओळखीच्या एका घरी आजींनी नातवासाठी तुपाचा डबा आणला होता. अधिकाऱ्याने नियम नीट समजावून सांगितला आणि डबा काढून घेतला. आजींना डब्याच्या किमतीचं दुःख नव्हतं. महिनाभर साय साठवून कढवलेलं ते तूप आपल्या डोळ्यांदेखत कचऱ्यात गेलं, हे त्यांना सहन झालं नाही. म्हणून नियम निघायच्या आधी फोनवर सांगायचा, आणि सांगताना "इथे सगळं मिळतं, काही आणू नका" असं तोडून बोलायचं नाही. मसाले, पापड, कुरडया, मेतकूट, लोणचं (मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून) ही यादी काय कमी आहे? खसखस मात्र दुबईमार्गे येणाऱ्यांनी आणू नये. तिथे ती बेकायदेशीर आहे.

विमानाने येणाऱ्या प्रवाशाला ४३० युरोपर्यंतच्या भेटवस्तू करमुक्त आणता येतात, पंधरा वर्षांखालच्यांना १७५ युरोपर्यंत. आई-बाबा दोघे आले तरी एकाच हाराची किंमत दोघांत विभागता येत नाही. आईचं मंगळसूत्र, पाटल्या, जे अंगावर घालून परतही न्यायचं, त्याला कर नाही. सुनेसाठी आणलेला नवा हार ही भेट, ती मोजली जाते. १०,००० युरो किंवा त्याहून अधिक रोकड असेल तर जाहीर करावीच लागते. औषधं स्वतःपुरती, फार तर तीन महिन्यांची, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह असावीत. बॅग उघडा म्हटलं तर वाद न घालता उघडावी. तेव्हा सुतळीच्या सतरा गाठी नकोत, आणि किल्ली हाताशी असावी.

एवढा खटाटोप कशासाठी? १ मार्च २०२४ रोजी किंवा त्यानंतर ज्यांना कुशल नोकरदाराचा परवाना पहिल्यांदा मिळाला, त्यांना घर, उत्पन्न आणि विम्याच्या अटी पाळून आई-वडिलांना इथे राहायला आणण्याची वाट नव्या कायद्याने उघडली आहे. आपल्यासारख्या आधी आलेल्यांना ती वाट नाही. अपवादात्मक अडचण सिद्ध केल्याशिवाय आपल्या वाट्याला येतात ते हेच नव्वद दिवस. त्यातला पहिला दिवस अपमान गिळण्यात आणि दुसरा फेकलेल्या तुपाची हळहळ करण्यात का घालवायचा? सामानाच्या यादीला रोज तासभर देतो, त्यातली पंधरा मिनिटं या तोंडी परीक्षेला दिली तर आपली माणसं ताठ मानेने त्या काचेच्या दरवाजातून बाहेर येतील.

मराठी-जर्मन चिठ्ठीच्या काही प्रती मी करून ठेवल्या आहेत. मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलापाशी भेटलात तर जरूर मागून घ्या. येणाऱ्या सर्व आई-बाबांना सुखाच्या प्रवासाच्या शुभेच्छा!