माळ्यावरचे व्हायोलिन

गेल्या जुलैत मुलीकडे अमेरिकेत होतो. एका रविवारी तिने व्हरमाँटच्या डोंगरातल्या मार्लबरोला नेले. १९५१ साली व्हायोलिनवादक अ‍ॅडॉल्फ बुश, त्यांचे जावई पियानोवादक रुडॉल्फ सर्किन प्रभृतींनी सुरू केलेला हा उन्हाळी संगीतमेळा. चार-पाच जणांनी मिळून वाजवायच्या रचना. समोर छडी घेऊन कुणी उभा नसतो. (आम्हां मास्तरांना हे चमत्कारिकच!) मुरलेले वादक आणि विशीतली पोरे आठवडेच्या आठवडे एकत्र तालीम करतात. शनिवार-रविवारी मैफली, पण काय वाजणार, ते जेमतेम आठवडाभर आधी ठरते. बसवलेल्या पुष्कळ रचना श्रोत्यांपुढे येतच नाहीत.

मध्यंतरात मी सवयीने म्हणालो, "मग एवढी मेहनत कशासाठी?"

मुलगी गप्प राहिली. दहावीच्या वर्षी तिचे व्हायोलिन मीच बंद केले होते. संगीताच्या परीक्षेला बसायचे नाही, तर वाजवायचे कशाला, असे हेडमास्तरी थाटात विचारून.

परतताना गाडीत म्हणाली, "अप्पा, ते व्हायोलिन अजून माळ्यावर असेल का हो?"

आहे. दिवाळीच्या साफसफाईत खाली काढले. दोन तारा तुटल्या आहेत. डिसेंबरात ती बेळगावला येणार आहे. तोवर बसवून घ्यायला हव्यात.