पिल्लू अचानक चावलं तर…

आमचं अडीच महिन्यांचं पिल्लू अचानक कोपऱ्यात दबून बसू लागलं. उचलायला गेलो तर गुरगुरलं आणि बोटाला चावलं. घरचे म्हणाले, "एवढंसं पिल्लू, त्याला काय होतंय!" रुग्णही मला हेच सांगतात. पण पिल्लाला रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात. त्याआधी त्यालाही रेबीज होऊ शकतो.

मी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुतली, हळद-चुना काही लावलं नाही आणि त्याच दिवशी लस सुरू केली. पशुवैद्यांना पिल्लाच्या कानात पू आढळला. वेदनेमुळे ते चावलं होतं.

अचानक बदललेला स्वभाव ही खोड नसते, लक्षण असू शकतं. पिल्लाला मारू नका, तपासून घ्या. आणि चावा लहान असला तरी डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा.