शपथ फुकट, औषध विकत

बिडी सोडा, असं सांगणारे आमच्या वस्तीत पुष्कळ येऊन गेले. कुणी भिंतीवर कवटी काढली, कुणी सडलेल्या तोंडाचे फोटो दाखवले, कुणी हात वर करून शपथ घ्यायला लावली. सगळ्यांचं शेवटचं वाक्य एकच : मनात आणलं की सुटतं. म्हणजे सुटत नसेल तर मनच खोटं. घाण आम्ही, आळशी आम्ही, आता मनानंही दुबळे आम्हीच.

मी धुळ्याला एका सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. शाळा नववीत सुटली, पण सापडेल तो कागद वाचायची खोड सुटली नाही. आमच्या गिरणीत काडेपेटी चालत नाही. एक ठिणगी, की रुई भडकली. म्हणून माणसं पाळीभर गालात तंबाखू-चुना धरतात आणि पाळी सुटली की गेटाबाहेर बिडी पेटवतात. आठ तास अडकलेला जीव त्या एका झुरक्यात परत येतो.

जीव परत येतो म्हणजे काय? बिडीतलं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं. मेंदूला त्याची चटक लागली की ते मिळालं नाही तर माणूस चिडतो, झोप उडते, कामात लक्ष लागत नाही. हे रसायन आहे बाबांनो, चारित्र्य नाही. आणि त्याच्यावर औषध आहे.

पाणबुडीत धूर चालत नाही, म्हणून तिथले खलाशी तोंडात तंबाखू धरत. त्यावरून स्वीडनमधल्या संशोधकांना निकोटिनचा च्युइंगम सुचला. १९७८ साली तो स्वित्झर्लंडात विक्रीला आला. हे वाचून मी एकटाच हसलो. जे पाणबुडीत, तेच आमच्या गिरणीत. त्यांना औषध सुचलं, आमच्या वाट्याला शपथ आली.

माझे आबा जळगावला एका जिनिंगात रुई ओढता ओढता म्हातारे झाले. दम लागतो. दवाखान्यात डॉक्टरनं छातीला नळी लावली, पिवळी बोटं बघितली नि म्हणाला, बिडी बंद. जिनिंगातली धूळ किती वर्षं खाल्ली, ते विचारलं नाही. रुईच्या धुळीनं छाती धरते, त्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात, आणि बिडीनं तो वाढतो. गुन्हेगार दोन, पण कागदावर एकटी बिडीच आली. बरं, तिच्यावरही औषध लिहिलं नाही. आबा घरी येऊन म्हणाले, “मी ते सोडी दिसू भाऊ, पन ती माले सोडत नही.”

मी धुळ्याहून गमची पट्टी नेली. दोन मिलिग्रॅमची चिठ्ठीशिवाय मिळते. ती चॉकलेटसारखी चघळायची नाही. सावकाश चावायची, जीभ चुरचुरली की गालात दाबून धरायची, मग पुन्हा चावायची. आधी पाव तास चहा नाही. गालात धरणं आबांना शिकवावं लागलं नाही, ते जिनिंगानंच शिकवलेलं. दिवसाची दोन बंडलं एकावर आली, मग पाच-सहा बिड्यांवर.

पण हे औषध बारा आठवड्यांचं. एका पट्टीच्या पैशात बिडीची चार बंडलं येतात, नि पट्टी एका दिवसात संपते. सहाव्या आठवड्यात माझा पगार पुरेना. औषध थांबलं, आबा परत बंडलावर. शेजारी म्हणाले, बघ, त्यांचं मनच नाही. मन नव्हतं, का पैसा नव्हता?

औषध म्हणजे जादू नाही, हेही सांगतो. जगभरच्या चाचण्या एकत्र मांडल्या, तेव्हा कसल्याही आधाराशिवाय सोडणाऱ्या शंभरातले सहाएक जण सहा महिन्यांनंतरही टिकलेले दिसले. व्हॅरेनिक्लीनची गोळी घेणारे शंभरात चौदाच्या आसपास. बुप्रोपिऑन नावाची दुसरी गोळी आहे, ती फिट येणाऱ्याला चालत नाही. म्हणून गोळ्या डॉक्टरला विचारूनच घ्यायच्या. शंभरात आठ जास्त, एवढाच हिशोब. कुणाला थोडा वाटेल. आमच्या वस्तीत आठ बाप म्हणजे आठ घरं.

सातपुड्यात टेंभुर्णीची पानं तोडणारे गरीब, बिड्या वळणारे गरीब, ओढणारेही गरीब. ‘जय भीम’ हा शब्द रूढ करणारे कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी बिडी कामगारांची संघटना बांधली. १२ जानेवारी १९३९ ला ते क्षयानं गेले. वय पस्तीस. आज क्षयाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. क्षयाच्या रोग्याला कुणी म्हणत नाही, मनात आण, बरा होशील. मग बिडीवाल्यालाच का?

निकोटिनचं औषध २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आलं. २०२२ साली भारत सरकारच्या यादीतही आलं. यादीत आलेलं वस्तीत का येऊ नये? १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर फुकट लागतो, सल्ला मिळतो. लावा. पण सल्ल्यावर थांबू नका. जिल्ह्याच्या दवाखान्यात जा, औषध मागा, पुरे बारा आठवड्यांचं मागा.

आणि पुढल्या वेळी कुणी शपथ द्यायला वस्तीत आला, तर त्याला बसायला द्या, पाणी द्या आणि विचारा : शपथ आणली, औषध कुठं आहे?