गालाच्या आत

नववीतल्या भाचीने टूथपिकने गालाची आतली बाजू हलकेच खरवडली, काचपट्टीवर पसरली, मिथिलीन ब्लूचा थेंब टाकला. सूक्ष्मदर्शकात पेशी दिसली: चपटी, कडा जराशी दुमडलेली, मधोमध गडद केंद्रक. तिला आकृती काढून नावं द्यायची होती. माझी नजर अडकली ती पेशीवर विखुरलेल्या बारीक निळ्या ठिपक्यांवर. प्रयोगवहीत त्यांना जागा नव्हती. ते जिवाणू.

दिवसाकाठी लिटरभर लाळ तोंडातून वाहते. ज्याला धरून राहता येत नाही, तो सरळ पोटात जातो. म्हणून या जिवाणूंच्या अंगावर केसांहून कितीतरी बारीक तंतू असतात आणि त्यांवरची प्रथिनं पेशीवरच्या ठरावीक शर्करा ओळखून तिथेच चिकटतात. स्ट्रेप्टोकोकस सॅलिव्हेरियसला जीभ मानवते, मायटिसला गाल. सँग्विनिसला मात्र दातच हवा. बाळाला पहिला दात येईपर्यंत तो तोंडात मुक्काम करत नाही.

आजीच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. तिची कवळी फडताळात, पाण्याच्या वाटीत असायची. लग्नकार्य असलं की बाहेर निघायची. एरवी ती मऊ भात कालवून खायची आणि घरातल्या तान्ह्या धाकटीला मांडीवर घेऊन हिरड्यांनी हसायची. धाकटीही तशीच हसायची. "आम्ही दोघी सारख्याच गं," आजी म्हणायची. किती खरं होतं ते! एकीकडे सँग्विनिस अजून यायचा होता, दुसरीकडून निघून गेला होता. 1969 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी कवळी वापरणाऱ्यांची तोंडं तपासली. कवळी असली की हे जिवाणू सापडत, काही दिवस काढून ठेवली की नाहीसे होत. म्हणजे आजीकडे ते लग्नसराईतच येत असणार.

दाताचा पृष्ठभाग झडत नाही, म्हणून त्यावर थरावर थर चढतो. गालाची पेशी सुटते, चिकटलेल्यांना घेऊन जाते आणि खालची नवी पेशी वर येते. मला गालाची ही रीत जास्त आवडते.

निरोगी गालाच्या पेशींवर फायब्रोनेक्टिन नावाच्या प्रथिनाचा लेप असतो. नेहमीचे जिवाणू त्याला धरून राहतात. माणूस गंभीर आजारी पडला की हा लेप कमी होतो आणि स्यूडोमोनाससारखे परके जिवाणू उघड्या पेशींना चिकटतात. तिथून ते फुप्फुसात उतरले तर न्यूमोनिया होतो. अतिदक्षता विभागात बेशुद्ध रुग्णाचं तोंड दिवसातून अनेकदा आतून पुसणाऱ्या परिचारिका असतात. त्या कामाला आपण पुरेसा मान देत नाही, असं मला मनापासून वाटतं.